पाण्याला वळसा घालणाऱ्या वाटा

वाळपईहून कुठल्याही दिशेला पायी निघा, तासाभरात एक तर पाणी आडवं येतं, नाहीतर डोंगर. दक्षिणेला म्हादई नदी, पूर्वेला धावे, नगरगाव, सत्रे आणि त्यामागं सह्याद्रीचा उभा कडा, उत्तरेला वाघेरी, केरी आणि अंजुण्याचं धरण. मधे सगळीकडं ओहोळ, पाट, कुळागरं म्हणजे सुपारी-नारळाच्या बागा. गोव्यात राहूनही समुद्र आमच्या बोलण्यात फारसा येत नाही. मासळी येते, तीही सकाळी स्कूटरवरून भोंपू वाजवत.

माझं माहेर नगरगावच्या अंगाला, सासर केरीचं आणि नोकरी वाळपईत. त्यामुळं आमच्या सत्तरी तालुक्याच्या दोन बाजूंच्या पायवाटा मला आयत्याच मिळाल्या. पाऊस लागला की पणजी-म्हापशाकडचे ओळखीचे लोक फोन करतात आणि सगळ्यांचं विचारणं एकच असतं: यंदा कुठल्या धबधब्यावर जायचं?

विचारण्यात गैर काही नाही. हिवरे, चरावणे, पाली इथले वझर, म्हणजे धबधबे, जुलैत बघण्यासारखेच असतात. चोर्ला घाट चढून सुर्लच्या सड्यावर उभं राहिलं आणि धुकं जरा बाजूला झालं, तर वज्रा सकलाचं पाणी दरीत पडताना दिसतं. गोवा, कर्नाटक आणि महाराष्ट्र या तिघांच्या हद्दी तिथं जवळजवळ आल्या आहेत. पाणी पडतं महाराष्ट्रात, बघणारे उभे असतात गोव्यात. पण या फोनांना उत्तरं देता देता माझ्या ध्यानात आलं, की मी लहानपणापासून चाललेल्या गावच्या जुन्या वाटांपैकी एकही वझराकडं जात नाही.

जाईल तरी कशाला? तिथं कुणाचं काय काम होतं? वाट घरातून निघते ती कुळागरात जाते, शेतात जाते, देवळात जाते, पलीकडच्या वाड्यावर जाते, घाट चढून वर जाते. पाणी ओलांडायचंच तर जिथं ते उथळ आणि शांत आहे तिथं ओलांडते. कडा, कोंड, वझर यांना ती लांबून वळसा घालते. आता लोक ज्याला ट्रेल म्हणतात त्या बहुतेक वाटा वझरापाशी जाऊन संपतात आणि गेल्या पावली परत येतात. पालीला तर वाट म्हणून जवळजवळ नाहीच, ओहोळातल्या धोंड्यांवरून चालत जायचं. उन्हाळ्यात ठीक आहे. पावसाळ्यात वर सड्यावर मातीचा थर जेमतेम असतो, त्याखाली जांभा आणि कातळ. एक मोठी सर आली की ते सगळं पाणी मुरायला न थांबता ओहोळात येतं. खाली ऊन पडलेलं असतं, माणसं पाण्यात बसून फोटो काढत असतात आणि पाण्याचा रंग बदलतो. स्वच्छ पाणी गढूळ झालं, त्यातून पालापाचोळा वाहायला लागला, की फोटो टाकून काठ गाठायचा, हे आमच्याकडं पोरांना शाळेआधी शिकवतात. बाहेरून आलेल्याला ते कोण सांगणार?

म्हणून मी फोनवर धबधब्याचं नाव सांगायचं सोडून दिलं आहे. त्याऐवजी सांगते, डिसेंबरात या, म्हादईच्या काठानं चालू. निम्मे लोक तिथंच गळतात.

जे येतात त्यांना मी पुरण शेती दाखवायला नेते. पावसाळा सरून नदीचं पाणी उतरलं, की म्हादईच्या काठच्या काही गावांत लोक पात्रातच शेती करतात. पाण्याला बांध घालून ते एका अंगाला वळवायचं, उघड्या पडलेल्या गाळाच्या पट्टीत वाफे काढायचे, भात लावायचं आणि मिरगाच्या आत कापून मोकळं व्हायचं. पहिला मोठा पूर आला की बांधही गेला आणि वाफेही गेले. पुढच्या साली पुन्हा नव्यानं. हे एकट्यादुकट्याचं काम नाही. बांधाला वाड्यावरच्या प्रत्येक घरातलं माणूस लागतं आणि जमिनीचे वाटेही मिळून ठरतात. काठावरून पात्रात उतरणारी वाट ही या शेतीची वाट. बांध पडला की ती उमटते, कापणी झाली की ओस पडते. बैल उतरवायला म्हणून ती आडवी, नागमोडी काढलेली असते. ट्रेकिंगची पोरं सरळ उतरायला जातात आणि घसरतात. बैलाला सरळ उतार चालत नाही, हे आधीच्यांना माहीत होतं.

आता तिथंही पुरण करणारी घरं कमी होत चालली आहेत. भात दुकानात मिळतं, पोरं कारखान्यात जातात. कर्नाटक पाणी वळवणार म्हणून आम्ही मोर्चे काढतो. म्हादईच्या पाणीतंट्यासाठी नेमलेल्या लवादानं ऑगस्ट २०१८ मध्ये कर्नाटकाला १३.४२ टीएमसी पाणी दिलं, त्यावर अजून भांडण चालू आहे आणि ते चालूच राहायला हवं. पण नदी वाचवा म्हणणाऱ्या कितीजणांनी तिच्या पात्रात उगवलेल्या तांदळाची पेज खाल्ली आहे, असा प्रश्न मोर्च्यात चालताना माझ्या मनात येतो. मोर्च्यात असले प्रश्न विचारायचे नसतात, म्हणून इथं लिहिते.

नगरगावच्या बाजूची माझी लाडकी वाट ब्रह्मकरमळीची. तिथं ब्रह्मदेवाचं देऊळ आहे. हा देव मूळचा तिसवाडीतल्या करमळीचा. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांनी तिकडची देवळं पाडायला घेतली तेव्हा भक्तांनी मूर्ती हलवली आणि शेवटी ती इथं सत्तरीच्या रानात आणून ठेवली. येताना देवाबरोबर गावाचं नावही आलं. काळ्या पाषाणाची उभी मूर्ती, कोरीव काम असं की हात लावून बघावंसं वाटतं. लावू देत नाहीत, तेच बरं. मला मात्र मूर्तीइतकंच ती आणणाऱ्या माणसांचं कौतुक वाटतं. तिसवाडी ते सत्तरी, मधे खाड्या, नद्या, चिखल, डोंगर, मागं पाठलाग. एवढ्या वजनाची पाषाणमूर्ती घेऊन ती माणसं कुठल्या उतारानं पाण्यात शिरली असतील आणि कुठल्या झाडाखाली रात्रीची थांबली असतील? त्या प्रवासाची वाट कुणी लिहून ठेवलेली नाही. पण एवढं नक्की, की ती वाट माहीत असलेलं कुणीतरी त्यांच्यात होतं.

तिथून फार लांब नाही बांबर. तिथली निरंकाराची राय बघायला हल्ली वनस्पतिशास्त्राचे विद्यार्थीही येतात. देवराईत जाताना वहाणा बाहेर काढायच्या आणि एक पानसुद्धा तोडायचं नाही, हा जुना नियम. त्या नियमामुळं आत जायफळाच्या कुळातल्या झाडांची जी पाणथळ टिकली आहे, ती गोव्यात फार थोड्या ठिकाणी उरली आहे. ही झाडं अशा पाणथळीतच वाढतात. अनवाणी पाय गार चिखलात रुततात, आणि पहिल्यांदा वाटतं की आपण कशावर तरी पाय देतो आहोत. खाली वाकून बघितलं तर चिखलातून मुळं वर येऊन परत खाली गेलेली दिसतात. दिवसभर लावणी करून बांधावर टेकलेल्या बाईसारखे त्यांचे गुडघे वर आलेले. पाण्यानं भरलेल्या मातीत मुळांना हवा मिळत नाही, म्हणून ती हवा घ्यायला वर डोकावतात. बोटानं हळूच दाबलं तर साल खरखरीत लागते, बारीक बारीक पुळ्या आल्यासारखी. त्या पुळ्यांमधूनच हवा आत जाते. मधूनच पाणी झिरपताना दिसतं. एवढं बारीक की आधी आवाज येतो आणि मग पाणी सापडतं. राईच्या बाहेर येऊन वहाणा घालताना पाय उगाच जड वाटतात.

गावची वाट राईपर्यंत येते आणि कडेनं निघून जाते. राईतून आरपार जात नाही. इथंही वळसाच.

नाणूसबद्दल थोडक्यात सांगते, कारण तिथं आता बघायला फारसं काही राहिलेलं नाही. २६ जानेवारी १८५२ रोजी दीपाजी राणे यांनी नाणूसचा किल्ला घेतला आणि पोर्तुगिजांविरुद्धचं ते बंड साडेतीन वर्षं चाललं. शाळेत हे तारखेसकट पाठ होतं. किल्ला म्हणून काही मोठं डोळ्यांसमोर आणलंत तर निराश व्हाल. पण उन्हं उतरताना तिथून म्हादईकडं आणि मागच्या डोंगरांकडं बघितलं की साडेतीन वर्षं कशी गेली असतील याचा अंदाज येतो. घाटावरून बैलांच्या पाठीवर धान्य, मिरची, गूळ उतरायचा आणि गोव्याचं मीठ वर जायचं. लमाणांचे तांडे ज्या वाटांनी ये-जा करायचे त्याच वाटा राण्यांच्या माणसांनाही ठाऊक होत्या. फौजेला रस्ता लागतो, यांना नुसती खूण पुरायची. त्यातल्या किती वाटा आज चालता येतात? केळघाटासारखी नावं म्हाताऱ्यांच्या तोंडी आहेत. वाटांवर कार्वी माजली आहे.

केरीला माझ्या सासरी वाटांचं वेगळंच झालं. तिथल्या काही जुन्या वाटा सरळ पाण्यात उतरतात. अंजुण्याचं धरण झालं तेव्हा आतली वस्ती उठली आणि लोकांना मोर्ल्याच्या बाजूला नवी घरं मिळाली. सांगे तालुक्यातल्या साळावलीच्या धरणात कुर्डी गाव गेलं, दर उन्हाळ्यात ते वर येतं आणि वर्तमानपत्रांत त्याचे फोटो येतात. अंजुण्याला असं कुणी येत नाही. मे महिन्यात पाणी खाली गेलं की काठाची लाल माती भेगाळते आणि त्या मातीत पायवाटेचा एक पट्टा चालताना पायांना कळतो. आजूबाजूची माती भुसभुशीत, पट्टा टणक. सासूबाई पूर्वी माझ्याबरोबर काठापर्यंत यायच्या. एकदा त्यांना विचारलं, "ही वाट खंय वताली?" त्या म्हणाल्या, "हांगासून भयणीगेर." एवढंच. इथून बहिणीच्या घरी. मी जिथं धरण बघत होते तिथं त्या बहिणीचं अंगण बघत होत्या.

धरणाच्या वरच्या अंगाला, केरीपासून घाटाकडं जाताना, पावसात जरा खाली बघून चाला. याच केरीच्या परिसरातून २००७ मध्ये देवगांडुळाची एक नवी जात जगापुढं आली आणि तिच्या शास्त्रीय नावात गोवा आहे. दिसायला गांडूळ, पण प्राणी बेडकाच्या नात्यातला. त्याला पाठीचा कणा असतो, जबड्यात दात असतात. कुळागरात खणताना निघतो तेव्हा आमचे लोक त्याला साप समजून मारतात. शाळेत मी पोरांना चित्र दाखवते. पोरं घरी जाऊन सांगतात. मोठी माणसं ऐकतात की नाही हे कुळागरातल्या फावड्यालाच ठाऊक.

वाट जिवंत कशानं राहते, हे बघायचं तर जानेवारी-फेब्रुवारीत काजूच्या बागांकडं यावं. बोंडू पडायला लागण्याआधी बाग साफ करावी लागते. खाली गवत-झुडूप राहिलं तर पडलेला बोंडू सापडत नाही आणि साप मात्र सापडतो. मग कोयते चालतात, रान मोकळं होतं, आणि गेल्या पावसाळ्यात बुजलेल्या वाटा एका आठवड्यात पुन्हा उघडतात. कुणी फलक लावत नाही, बाण रंगवत नाही. बागेतून भट्टीकडं, भट्टीतून रस्त्याकडं, डोक्यावर डबे घेऊन बायका जातात आणि वाट होते. मार्च-एप्रिलात त्या वाटेनं चाललात तर भट्टीचा वास आधी येतो. कुणी ओळखीचं असलं तर थंड निरो, म्हणजे बोंडूचा ताजा रस, मिळतो. हुर्राकही मिळतो, पण तो पिऊन डोंगर चढू नये. उतरूही नये. पूर्वी वरच्या उतारांवर कुमेरी चालायची. रान तोडून, जाळून नाचणी-वरी पेरायची. ती बंद झाली आणि वरच्या वाटा तेव्हाच गेल्या. आज उरल्या आहेत त्या निम्म्या काजूच्या कृपेनं.

आग मात्र आम्हाला महागात पडली. मार्च २०२३ मध्ये म्हादई अभयारण्यात वणवे पेटले ते कित्येक दिवस विझेनात. नौदलाची आणि हवाई दलाची हेलिकॉप्टरं धरणांतून पाणी उचलून डोंगरावर ओतत होती. आम्ही वाळपईत गच्चीवरून रात्री डोंगरावरची लाल रेघ बघायचो. कुणी लावली, कशी लागली, यावर प्रत्येक नाक्यावर वेगळी कथा होती. त्यानंतर परवान्याशिवाय अभयारण्यात शिरायला वनखात्यानं कडक बंदी केली. त्याच वर्षी जुलैत पावसाळी धबधब्यांवर बुडून माणसं गेली तेव्हा अभयारण्यांतले धबधबेही बंद झाले आणि नंतर अटी घालून काही उघडले.

धबधबे बंद केले याचं मला दुःख झालं नाही. उलट जरा बरंच वाटलं. बियरच्या बाटल्यांच्या काचा वेचायला आमच्याच शाळेची पोरं जातात. पण परवाना मागणाऱ्या तक्त्यात 'प्रवासाचं कारण' असा रकाना असतो, आणि पलीकडच्या वाड्यावर मावशीला भेटायला रानातून जाणाऱ्या बाईनं तिथं काय लिहायचं? २०८ चौरस किलोमीटरचं हे अभयारण्य १९९९ मध्ये जाहीर झालं. त्याच्या आत आणि कडेला गावं त्याच्याही आधीची आहेत. नाक्यावर बसलेला वनरक्षक बहुतेक वेळा शेजारच्याच गावचा असतो. तो मावशीलाही ओळखतो आणि बाईलाही, म्हणून काम चालतं. ओळखीवर चाललेलं काम बदलीबरोबर थांबतं.

याचा अर्थ मी वाघाच्या विरुद्ध आहे असा कुणी काढू नये. जानेवारी २०२० मध्ये गोळावलीच्या रानात वाघीण आणि तिचे तीन बछडे विष घालून मारलेले सापडले, तेव्हा गोव्यात वाघ नाहीत म्हणणारे गप्प झाले. ज्या सत्तरीत दगडावर कोरलेल्या वाघ्रोला नारळ ठेवून लोक रानात शिरायचे, त्याच सत्तरीत हे झालं. मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठानं जुलै २०२३ मध्ये इथं व्याघ्र प्रकल्प जाहीर करण्याचा आदेश दिला, प्रकरण पुढं सर्वोच्च न्यायालयात गेलं. प्रकल्प व्हावा असं मला वाटतं. हे मत घरात बोलले तर जेवण गार होईपर्यंत वाद चालतो. माझं म्हणणं एवढंच, की नकाशावर रेघा मारताना चालण्याच्या वाटाही त्यावर याव्यात आणि त्या कुणाच्या पायांनी राहिल्या तेही लिहावं. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली लोकांनी जमिनीचे दावे टाकले आहेत. वाटेचा दावा कोण टाकणार? ती कुणा एकाची नसते.

नकाशा म्हटला की माझा भाचा. पणजीत संगणकाचं काम करतो, शनिवारी-रविवारी रान. मोबाईलवर वाट रेकॉर्ड करायची आणि सगळ्यांसाठी टाकून द्यायची हा त्याचा छंद. "मावशी, वाटा मरतायत म्हणून तूच ओरडतेस ना? मग लोक आले तर चांगलंच," असं तो म्हणतो, आणि त्याचं अगदीच चूक नाही. त्यानं धरणाच्या काठची वाट टाकली, काजूच्या बागांतली एक टाकली, बागवाल्यांना विचारून. पावसाळ्याच्या सुरुवातीला तो आमच्या शेजारच्या आजींच्या मागं लागला. त्या पहाटे टोपली घेऊन रानात जातात आणि उजाडता उजाडता अळमी घेऊन येतात.

अळमी वारुळांवर उगवतात. वारुळातली वाळवी आत बुरशीची शेती करते आणि ठरावीक पावसानंतर तीच बुरशी वर येऊन छत्री उघडते. सातेरीला आम्ही वारुळाच्या रूपात पुजतो, त्यामुळं वारूळ फोडायचा प्रश्न येत नाही, नुसतं वरचं वेचायचं. सगळी वेचायची नाहीत, काही ठेवायची. हल्ली वाळपईच्या रस्त्याकडेला पानात बांधून अळमी विकायला बसतात तिथं गाड्या थांबतात, किंमत ऐकून लोक डोळे मोठे करतात आणि घेतात. जितकी किंमत वाढली तितकी वारुळं उकरणारी माणसंही वाढली. म्हणून अळमीची जागा कुणी कुणाला सांगत नाही. सख्ख्या सुनेलासुद्धा आजींनी ती अजून सांगितलेली नाही, आणि सून त्यांच्याकडं गेली कितीतरी वर्षं नांदते आहे.

भाच्यानं फार गोड आवाजात विचारलं, "आजी, फक्त वाट दाखवा, जागा नको." आजींनी त्याला चहा दिला, बिस्कीट दिलं, मोबाईल हातात घेऊन त्यावरची निळी रेघ बघितली. म्हणाल्या, "ही तुझी रेघ पुसता येता?"

येते, म्हणाला तो.

"मग पयली ती बागेतली पूस. थंय म्हजी दोन रोयणां आसात."

रोयण म्हणजे वारूळ हे त्याला मी सांगितलं. धरणाच्या काठची रेघ त्यानं ठेवली आहे. बागेतली काढली. मे महिन्यात येणार असाल तर धरणाच्या वाटेनं या, पाणी सोबत घ्या, अकराच्या आत परत फिरा. जुलैत धबधब्यासाठी फोन करणाऱ्यांनी वनखात्याच्या कार्यालयात विचारावं, मला नको.